दुसऱ्या कडव्यातली अकरा सेकंदं

"'ट्रॅडिशनल' लिही आणि फाईल बंद कर," डेक्लन म्हणाला. "शुक्रवारी फ्रीझ आहे, रू."

माझं नाव ऋजुता. ते आयरिश जिभेला झेपत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून ऑफिसात मी रू आहे. डेक्लन माझा मॅनेजर. माणूस वाईट नाही, फक्त उघड्या फाईली त्याला बघवत नाहीत.

मी डब्लिनमधल्या एका कंपनीत डेटा इंजिनियर आहे. आम्ही गाण्यांची नोंदवही ठेवतो. रेडिओवर, दुकानात, फोनवर जे गाणं वाजतं ते मुळात कोणी रचलं आणि कोणी कोणी गायलं, ते जुळवून ठेवायचं. आमच्या भाषेत यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'वर्क' म्हणजे मूळ गाणं, त्याचे शब्द आणि चाल. 'रेकॉर्डिंग' म्हणजे ते कोणीतरी एकदा गायलं, ते. वर्क एकच, रेकॉर्डिंग शेकडो. आरती एक, पण दर गल्लीत वेगळ्या तोंडाने म्हटली जाते, तसंच.

फ्रीझ म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्या नोंदींना कुलूप. ख्रिसमसच्या दिवसांत गाणी इतकी वाजतात की तेव्हा कोणी नोंदीत हात घालायचा नाही. कुलूप थेट जानेवारीत उघडतं.

आणि माझ्याकडे उघडी होती ती 'लॅच'ची फाईल.

हे गाणं माहीत नसलेला माणूस इथे मिळणार नाही. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी खिडकीत मेणबत्ती ठेवायची आणि दाराला कुलूप न घालता ते नुसतं लॅचवर ठेवायचं, अशी इथली जुनी रीत. जुन्या घरांच्या दारांना आतून एक लोखंडी पट्टी असते. बाहेरून अंगठ्याने दाबलं की ती खट्ट करून वर जाते आणि दार उघडतं. दार लावलं की ती पुन्हा खाली पडते. ज्याला यायचं आहे त्याने यावं, असा त्याचा अर्थ. गाणं त्यावरच आहे. साधे शब्द, साधी चाल. शाळेत शिकवतात, चर्चमध्ये गातात, सुपरमार्केटच्या जाहिरातीतही येऊन गेलंय. आमच्याकडे त्याची शंभरावर रेकॉर्डिंग होती. सगळ्यात जुनं एका डान्स बँडचं. बँडलीडर कधीच वारला. रचनाकाराच्या रकान्यात 'ट्रॅडिशनल'. म्हणजे पारंपरिक.

या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. माझी मोठी मावशी मंगळागौरीची गाणी रचायची, भाजी निवडता निवडता. तिच्या महिला मंडळाने सीडी काढली तेव्हा सगळ्या गाण्यांखाली 'पारंपरिक' असं छापलं. प्रकाशनाला मावशी समोरच बसली होती, चिवडा खात. "जाऊ दे गं," म्हणाली. तिचं ते 'जाऊ दे' मला आजही झोंबतं.

त्यामुळे स्लायगोहून ओर्ला नावाच्या बाईंचा ईमेल आला तेव्हा मी तो इतरांसारखा बाजूला सारला नाही. त्यांच्या मावशी ब्रायडी नर्सिंग होममध्ये होत्या. ब्रायडीचं म्हणणं होतं की 'लॅच' तिच्या मोठ्या बहिणीने, नोराने रचलं, आणि नोराच्या आवाजातली टेप तिच्याकडे आहे.

शनिवारी मी गाडीने स्लायगोला गेले. बरोबर बाबा होते. ते नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि ॲडम्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये पार कंटाळले होते. आयुष्यभर त्यांनी रेडिओ केंद्रात टेपची मशिनं सांभाळली. टेप म्हटल्यावर त्यांनी आपणहून बूट घातले.

ब्रायडीची पंच्याहत्तरी उलटलेली. नाकात ऑक्सिजनची नळी, पण डोळे लख्ख. तिने आधी आम्हाला चहा पाजला. मग खोलीतल्या प्रेसकडे बोट केलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ओर्लाने त्यातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत टेपचं रीळ होतं.

"आमच्या शाळेच्या मास्तरांनी नवीन मशीन घेतलं होतं," ब्रायडी म्हणाली. "ते दाखवायला घरोघर फिरायचे. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे आले. मेणबत्ती मी लावली. धाकट्याने लावायची असते ना. मग नोरा गायली. गाणं तिने त्याच आठवड्यात केलं होतं, मायकलसाठी."

"मायकल कोण?"

"आमचा भाऊ. इंग्लंडला बांधकामावर होता. त्या ख्रिसमसला येतो म्हणाला होता."

"मग आला का?"

ब्रायडीने नळी सरळ केली. "टेप ऐक तू," ती म्हणाली.

मास्तरांनी टेपची एक कॉपी बँडलीडरला दिली होती. पुढच्या वर्षी रेकॉर्ड बाजारात आली. नोराने कधी तक्रार केली नाही. दुकानात काम करायची. डिसेंबरमध्ये रेडिओवर ते गाणं लागलं की उठून रेडिओ बंद करायची. लग्न केलं नाही, आणि जाऊनही तिला आता बरीच वर्षं झाली.

मी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"नाव हवंय. नोराचं. ट्रॅडिशनल म्हणजे गाणं कोणाचंच नाही. आणि गाणं कोणाचंच नसेल, तर त्यात ज्याची वाट बघितलीय तोही कोणाचाच नाही."

बाहेर पॅसेजमध्ये ओर्ला हळूच म्हणाली, "जानेवारीचं डॉक्टर काही बोलत नाहीत."

म्हणजे जे करायचं ते शुक्रवारच्या आत.

सोमवारी बाबांना ऑफिसात नेलं. आमच्या स्टोअररूममध्ये रीळ वाजवायचं एक जुनं मशीन धूळ खात पडलं होतं. बाबांनी स्पिरिट आणि कापूस घेऊन ते साफ केलं, पट्टा बदलला आणि दुपारपर्यंत सुरू केलं. डेक्लन दारातून बघत होता. "यॉर मॅन ग्रँड आहे," तो मला म्हणाला, म्हणजे हा माणूस झकास आहे; इथे जे बरं ते सगळं ग्रँड. बाबांच्या हातात दुसऱ्या कॉफीचा कपही त्यानेच आणून दिला.

हेडफोन एकच होता, तो टेबलावरच राहिला. मी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत होते. बाबा मशीनजवळ उभे राहून रिळाकडे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. तीस वर्षांची सवय. मी काही ऐकत बसले नाही, तेवढ्यात दुसरे ईमेल बघितले. फाईल आमच्या सॉफ्टवेअरमधून जाते. ते खरखर कमी करतं, आवाज स्वच्छ करतं, मग इतर रेकॉर्डिंगशी ताडून बघतं. निकाल आला: गाणं तेच, 'लॅच'. हे मलाही माहीत होतं.

डेक्लनने मान हलवली. "यावरून एवढंच कळतं की नोराने ते गायलं. माझी आजी दिवसभर गायची. तिने एकही गाणं रचलं नव्हतं. हे गाणं नोराच्याही आधीचं असलं तर? पुरावा लागेल, रू. नाही तर ट्रॅडिशनल."

त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच राग आला.

मी परत जागेवर आले तर बाबा स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत होते.

"काय करून राह्यली वं तू? गाणं कापलं काऊन?"

"कुठे कापलं?"

"माह्या घड्याळात पाच मिनिटं चार सेकंद झाले. तुह्या फाईलीत चार चोपन्न दाखवते. दहा सेकंद कुठं गेले?"

मी सेटिंग उघडलं आणि कपाळाला हात लावला. आमचं सॉफ्टवेअर एका सेकंदापेक्षा मोठी शांतता दिसली की ती कापून एक सेकंदाची करतं. डिफॉल्टच आहे ते. माझ्या आधीच्या माणसाने लावलेलं, मीही वर्षानुवर्षं तसंच ठेवलेलं. जागा वाचते, जुळवणी लवकर होते. शांततेत काय असणार, असा आमचा हिशोब.

मी मूळ टेप लावली, काहीही न कापता, आणि स्पीकर सुरू केला. दुपारचे साडेचार. इथे डिसेंबरात तेवढ्यातच अंधारतं. ऑफिसात माणसं होती, कोणीतरी प्रिंटरशी भांडत होतं.

नोराचा आवाज कोवळा, थोडा थंडी वाजल्यासारखा. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ओळ आहे: जमिनीवर पाऊल वाजलंच, तर ते तुझंच असू दे. ती 'तर ते' पर्यंत आली आणि थांबली.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग खट्ट. लोखंडावर लोखंड. त्यामागून वाऱ्याचा एक झोत माइकवर आला. एका लहान मुलीचा आवाज, अगदी दबका: "मायकल?"

कोणी उत्तर दिलं नाही. कोणी खुर्ची सरकवली नाही. मास्तरांनी मशीनही बंद केलं नाही. अकरा सेकंदं नुसतं घड्याळ आणि वारा. मग नोराने ओळ पूर्ण केली, जरा खालच्या आवाजात. तुझंच असू दे.

बाबांनी विचारलं, "कोन आलं वं?"

"कोणी नाही बहुतेक."

"मंग दार कोनं उघडलं?"

मला भीती वाटली, हे सरळ सांगते. प्रिंटरशी भांडणारा माणूस समोर दिसत असतानाही वाटली. पण त्या भीतीतच डोक्यात एक गोष्ट चमकली. 'लॅच' मीही दर डिसेंबरात ऐकत आले होते, आणि माझ्या कानातल्या गाण्यातही तिथे एक थांबा होता. मला तो कधी वेगळा जाणवलाच नव्हता.

ते सेटिंग बंद करून मी 'लॅच'ची सगळी मूळ रेकॉर्डिंग नव्याने मागवली. मंगळवार त्यातच गेला. डान्स बँड, चर्चचे कोरस, शाळा, पॉप गायिका, जाहिरात. प्रत्येकात दुसऱ्या कडव्यात 'तर ते' नंतर भोक होतं. कुठे दोन सेकंदांचं, कुठे चार. चालीला तिथे थांबायची गरज नाही. अर्थाला तर मुळीच नाही, वाक्य अर्धवट लोंबकळतं. तरी सगळे थांबत होते. न थांबणारा एकही नाही.

दहावीच्या वर्गात कॉपी कशी पकडतात? बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. चूक सारखी निघाली की कोणी कोणाचं बघितलं ते कळतं. हे गाणं खरंच जुनं, गावोगावचं असतं, तर कोणीतरी ते दुसरीकडून शिकलं असतं आणि न थांबता गायलं असतं. शंभरावर लोकांनी एकाच जागी अडखळायचं कारण एकच. सगळे एकाच टेपचे वंशज. आणि त्या थांबण्याला कारण होतं ते फक्त त्या टेपमध्ये.

खात्रीसाठी लेटरकेनी गावातला एक कोरस बसवणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांचं रेकॉर्डिंग अगदी नवं होतं.

"तिथे का थांबता तुम्ही?"

"तिथे थांबायचं असतं."

"कागदावर तसं लिहिलंय?"

"नाही. मला शिकवणाऱ्या बाई थांबायच्या." मग म्हणाल्या, "एका वर्षी मी न थांबता बसवायला गेले होते. तालमीत ग्रँड झालं. कार्यक्रमात सगळे थांबले. नंतर विचारलं तर प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे थांबले म्हणून आपण थांबलो."

मी हे रिपोर्टमध्ये घातलं नाही.

बुधवारी जे केलं ते करायची गरज नव्हती. पुरावा झाला होता. पण हात शिवशिवत होते. आमच्याकडे एक पद्धत आहे. एकाच जागेची खूप रेकॉर्डिंग एकावर एक ठेवायची आणि त्यांची बेरीज करायची. प्रत्येकात खरखर वेगळी असते, ती बेरजेत आपोआप मरून जाते. जे सगळ्यांत सारखं असेल तेवढंच उरतं. जत्रेत हजार माणसं वेगवेगळं बोलतात तेव्हा नुसता गलका होतो. सगळ्यांनी एकाच क्षणी 'मोरया' म्हटलं की ते कोसावर ऐकू येतं. मी ती सगळी भोकं कापून घेतली आणि एकावर एक ठेवली. नोराची टेप मुद्दाम बाहेर ठेवली, कारण तिच्यात आवाज होताच. उरलेल्यांत काही उरायला नको होतं. वेगळी शहरं, वेगळे स्टुडिओ, वेगळी दशकं.

बेरीज वाजवली. आधी सपाट शांतता, आमच्या सॉफ्टवेअरला आवडते तशी. मग खट्ट.

मी तीनदा वाजवलं. मग डेक्लनला बोलावलं आणि काही न सांगता हेडफोन दिला. त्याने ऐकलं. हेडफोन काढला, पुन्हा घातला, पुन्हा ऐकलं.

"सॉफ्टवेअरची काहीतरी गडबड असेल," तो म्हणाला.

"असेल."

"किंवा बँडच्या रेकॉर्डवर कॉपीतून तो आवाज आला असेल आणि पुढे कोणी कोणी त्याचाच तुकडा वापरला असेल."

"मी बँडची रेकॉर्ड वगळूनही बघितलं. कोरसची नुसती नवी रेकॉर्डिंग घेऊनही बघितलं. तरी आहे."

डेक्लनने हेडफोन टेबलावर ठेवला. तो पश्चिमेकडचा, लहान गावातला. "माझ्या आजीच्या घराला असंच दार होतं," तो म्हणाला. "बाहेर कोण आहे ते तिला लॅचच्या आवाजावरून कळायचं. प्रत्येकाचा अंगठा वेगळा वाजतो."

मग एकदम मॅनेजर झाला. "रिपोर्टमध्ये टेप घाल, थांबे घाल. हे नको. हे कुठेच नको." आणि त्याने फाईलवर सही केली.

गुरुवारी दुपारी नोंद बदलली. 'ट्रॅडिशनल' खोडलं आणि तिथे नोराचं पूर्ण नाव टाकलं, माहेरचंच, कारण दुसरं नव्हतं. फ्रीझला एक दिवस शिल्लक होता. मी ओर्लाला फोन केला. तिने तो ब्रायडीच्या कानाशी धरला. ऑक्सिजनची फुसफुस ऐकू येत होती.

मी नोंद वाचून दाखवली. ब्रायडीने ती पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

"टेप ऐकलीस?" तिने विचारलं.

"ऐकली. मायकल म्हणणाऱ्या तुम्हीच ना?"

"मीच. दार उघडं होतं आणि बाहेर कोणी नव्हतं. त्यानंतर त्याचं पत्र नाही, तार नाही, निरोप नाही. मेल्याचीसुद्धा बातमी नाही. आईने इंग्लंडला किती पत्रं पाठवली." ती दम घ्यायला थांबली. "मला एक सांग. तुमची मशिनं चांगली असतात. लॅच उचलल्याचं ऐकलंस. खाली पडल्याचं ऐकलंस का?"

मी टेप आठवली, मग ती बेरीज आठवली. दोन्हींत एकच खट्ट होतं. हो म्हणावंसं वाटलं. पण आयुष्यभर चुकीच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मला ते जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "फक्त उचलल्याचं."

"मलाही नाही आठवत पडल्याचं. मायकल आत आला असता तर दार लावलं असतं, लॅच पडला असता. दार ओढून परत गेला असता तरी लॅच पडला असता." फुसफुस. "म्हणजे उंबऱ्यावरच आहे अजून. ग्रँड. आता गाण्यावर नाव आलं ना. घर आपलंच आहे हे कळेल त्याला."

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, पाच वाजता, मी आमच्या खिडकीत मेणबत्ती ठेवली. बॅटरीची, कारण सोसायटीला खरी चालत नाही. फ्लॅटचं दार आपोआप बंद होऊन लॉक होतं, त्याला लॅच वगैरे काही नाही. मी उभी राहून विचार करत होते तेवढ्यात बाबा आले आणि आपली एक चप्पल फटीत सरकवून गेले. "थंडी येते वं," एवढंच नंतर म्हणाले. चप्पल मात्र काढली नाही.

ब्रायडीने ख्रिसमस बघितला. जानेवारी नाही बघितला. ओर्लाने कळवलं की दुपारी, झोपेतच गेली.

जानेवारीत कुलूप उघडलं आणि त्या डिसेंबरची नवी रेकॉर्डिंग आत आली. 'लॅच'ची आणखी नऊ. सगळ्यांत थांबा होताच. ती बेरीज पुन्हा केलीस का, असं डेक्लनने आतापर्यंत दोनदा विचारलंय, दोन्ही वेळा इकडेतिकडे बघत. मी केलेली नाही. दुसरं खट्ट ऐकू आलं तरी पंचाईत, नाही आलं तरी पंचाईत.

या सगळ्यातून शिकले ते एवढंच की डिफॉल्ट सेटिंग कोणी आणि का लावलंय ते आधी तपासावं. शांतता कापायचं सेटिंग आमच्या टीममध्ये आता बंद असतं. नोंदीच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो, तो सहसा रिकामाच राहतो. 'लॅच'च्या रकान्यात मी लिहिलंय: दुसऱ्या कडव्यातली शांतता हा मूळ गाण्याचा भाग आहे, कापू नये. खाली मंजुरी म्हणून डेक्लनचं नाव आहे, आणि त्याने त्यात एकही शब्द बदललेला नाही.